हाबरकॉर्नांच्या गाडीचा पोचा

सोमवार, पाच मे रोजी सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझा कचऱ्याचा पिवळा, चाकांचा डबा लिंडेनगल्लीच्या उतारावरून आपण होऊन खाली गेला आणि समोरच्या वेन्डेलिन हाबरकॉर्न यांच्या लाल, दोन आसनी, छप्पर उघडणाऱ्या गाडीच्या डाव्या दारावर जाऊन थांबला. दाराला पोचा पडला. पोचा नऊ सेंटिमीटर रुंद आणि बारा मिलिमीटर खोल होता. हे मी मोजलेलं नाही. पुढे तिघा तज्ज्ञांनी ते वेगवेगळं मोजलं आणि इथे दिलेला आकडा त्या तिघांची सरासरी आहे.

आमच्या ओबरहाइनिंगन गावात डबा कचरा उचलायच्या आदल्या संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर ठेवायची परवानगी आहे. तेव्हा डब्याचं बाहेर असणं कायदेशीर होतं. त्याचं खाली जाणं मात्र कुठल्याच कलमात बसत नव्हतं आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

मी कोट चढवला, रस्ता ओलांडला आणि हाबरकॉर्नांची घंटा वाजवली. मी भूमापन खात्यात चौतीस वर्षं काढली आहेत. हद्दीच्या या बाजूची वस्तू त्या बाजूला गेली की काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवायला नको. आम्ही एकोणीस वर्षांचे शेजारी. त्या एकोणीस वर्षांत 'अहो'वरून 'अरे'वर येण्याची घाई आम्हां दोघांपैकी कुणाला झाली नव्हती.

"हाबरकॉर्न, माझा डबा तुमच्या गाडीला लागलाय," मी म्हणालो. "जबाबदारी सगळी माझी."

ते बाहेर आले आणि त्यांनी गाडीच्या आधी डब्याकडे पाहिलं. ते नगरपालिकेच्या कचरा विभागात निर्णय अधिकारी आहेत. कुठला कचरा कुठल्या डब्यात जातो, यावर सबंध जिल्ह्यात त्यांचा शब्द शेवटचा. दह्याच्या रिकाम्या डबीचं झाकण डबीला चिकटलेलं असेल तर ती एक वस्तू धरायची की दोन, यावरचं त्यांचं चौदा पानी परिपत्रक अजूनही वापरात आहे.

"अहो श्ट्रोमायर," ते म्हणाले, "झाकण नीट बसलेलं नव्हतं."

मग त्यांनी पोचा पाहिला आणि ते पायरीवर बसले. मला मनापासून वाईट वाटलं, कारण ही गाडी कशासाठी घेतली होती हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. पंचवीस वर्षांपूर्वी हाबरकॉर्न पतिपत्नी मधुचंद्राला आल्प्सचा घाट ओलांडून मेरानला गेले होते, तेही सहलीच्या बसमधून, मागच्या चाकावरच्या सीटवर बसून. खिडकीची काच धुक्याने भरलेली, शेजारी कुणीतरी सॉसेज खात बसलेलं. पुढच्या वेळी उघड्या गाडीतून, असं हाबरकॉर्नबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. पुढची वेळ म्हणजे लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, येत्या वीस सप्टेंबरला, शनिवारी. हॉटेलची खोली दोन वर्षं आधीपासून राखून ठेवलेली होती.

तेवढ्यात हाबरकॉर्नबाईच बाहेर आल्या. आत भट्टीत रूबार्बच्या आंबट देठांचा केक होता आणि त्यांच्या हाताला पीठ होतं. त्यांनी गाडीचं दार कोपराने उघडलं, लावलं आणि परत उघडलं. "उघडतंय की," असं म्हणून त्या केक बघायला आत गेल्या. हे वाक्य कुठे नोंदलं गेलं नाही. इतिवृत्त लिहायला तेव्हा सुरुवात व्हायची होती.

आपल्या हातून दुसऱ्याची वस्तू मोडली तर भरपाई देणारा विमा आमच्याकडे प्रत्येकाजवळ असतो. तो नसलेल्या माणसाला आम्ही घरी बोलावतो, पण त्याच्या हातात चांगले कप देत नाही. मी त्याच संध्याकाळी विमा कंपनीला कळवलं. नवव्या दिवशी उत्तर आलं की तज्ज्ञांची पाहणी पूर्ण होईपर्यंत नुकसान मूळ स्थितीत जतन करावे. हाबरकॉर्नांनी उलट टपाली विचारलं की गाडी चालवल्यास वाऱ्याच्या दाबाने पोच्याच्या मूळ स्थितीत फरक पडू शकतो काय. कंपनीने कळवलं की अशा प्रश्नांवर ती मत देत नाही. दुसऱ्या कुणी हे पत्र चुलीत घातलं असतं. हाबरकॉर्नांनी गाडी गॅरेजात ठेवली आणि दारावर धुतलेली चादर टाकली.

पहिला तज्ज्ञ रंगाच्या थराची जाडी मोजायचं यंत्र घेऊन आला. पोचा किरकोळ आहे, एका दिवसात निघेल, असं त्याने सांगितलं आणि आम्ही दोघांनी सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत त्याने यंत्र आणखी दोनदा फिरवलं. पोच्याच्या खाली खड्डा बुजवायची लांबी भरलेली होती. म्हणजे गाडी हाबरकॉर्नांकडे यायच्या आधीच कुणीतरी कुठेतरी ठोकली होती आणि वरून सफाईने रंग मारला होता. आता हा एक पोचा राहिला नव्हता. एक घोषित आणि एक अघोषित असे दोन पोचे झाले होते.

दुसरा तज्ज्ञ कंपनीने पाठवला. त्याच्या मते आधीच बिघडलेल्या वस्तूचं आणखी बिघडणं हे कमी बिघडणं असतं, तेव्हा माझ्या डब्याने जेवढं नुकसान केलं त्यातलं बरंचसं त्याने केलेलंच नव्हतं. हे ऐकून मला थोडा आनंद झाला, तो मी लपवला. दोघांमधला फरक मिटवायला तिसरा तज्ज्ञ नेमावा लागला. तो आला तेव्हा जुलै लागला होता. आमच्या गल्लीत महिना कुठला आहे ते हाबरकॉर्नबाईंच्या केकवरून कळतं. पहिल्या तज्ज्ञाने रूबार्बचा खाल्ला, दुसऱ्याने स्ट्रॉबेरीचा आणि तिसऱ्याने चेरीचा. तिघांच्याही अहवालात केकचा उल्लेख नाही.

अहवालांपेक्षा हाबरकॉर्नांच्या मनाला जो पोचा पडला तो मोठा होता. एक दिवस कुंपणापाशी उभे राहून ते म्हणाले, "तीन वर्षं दर शनिवारी हिला हाताने पुसत होतो, श्ट्रोमायर. ही आधीच ठोकलेली निघाली. आता हिच्यात बसून घाट चढायचा म्हणजे मनात शंकाच राहणार."

मी त्यांचं सांत्वन करायला गेलो आणि नको ते बोलून बसलो. शेजारच्या गावातल्या विक्रेत्याकडे दुसऱ्या बनावटीची एक गाडी आली आहे, असं मी सांगितलं. मोतिया राखाडी रंग, आसन उंच, बॅटरीवर चालणारी, आवाज नाही; हवामान योग्य वाटलं की छप्पर आपलं आपण उघडतं आणि न वाटल्यास उघडत नाही. जुनी देऊन ही घेता येईल. हाबरकॉर्न जाऊन ती पाहून आले. आसनात बसून उठताना त्यांना कुठेही धरावं लागलं नाही, याने ते फार हेलावले होते. त्या दिवसापासून त्यांच्यापुढे एकच प्रश्न उभा राहिला: लाल गाडी दुरुस्त करून ठेवायची, की देऊन राखाडी घ्यायची.

कचऱ्याच्या बाबतीत या माणसाने कधी दोन मिनिटं घेतली नव्हती. पण तो दुसऱ्यांचा कचरा होता. स्वतःच्या गाडीबद्दल त्यांनी आम्हांला विचारलं. आम्ही म्हणजे 'काळं बदक' खानावळीतलं मंगळवारचं टेबल. हाबरकॉर्न धरून आम्ही सात जण गेली अकरा वर्षं तिथे बसतो आणि कुठल्याच विषयावर एकमत होत नाही म्हणून पुन्हा पुढच्या मंगळवारी येतो. औषधवाले रोएर्ले यांनी दुरुस्तीचा पक्ष घेतला. माणसाला शंका आली म्हणून त्याने गाडी बदलली तर पुढे तो काय काय बदलेल, असं ते म्हणाले. निवृत्त ड्रायव्हिंग शिक्षक कुग्लर यांनी अदलाबदलीचा पक्ष घेतला. चाळीस वर्षांच्या अनुभवावरून ते सांगत होते की ज्या गाडीवर चालकाचा विश्वास नाही ती वळणावर सूड घेते. मी दोन्ही बाजूंना मान डोलावली. डबा माझा होता, त्यामुळे मत देण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही असं मला वाटत होतं.

तिसऱ्या मंगळवारी कुग्लरांच्या लक्षात आलं की सात जण एकाच विषयावर तिसऱ्यांदा चर्चा करताहेत आणि तरीही ते कुठल्याच नियमावलीखाली येत नाहीत. हे सगळ्यांनाच खटकलं. आमच्या कायद्यानुसार संस्था नोंदवायला सातच माणसं लागतात, म्हणजे दैवाचीही इच्छा होती. त्याच संध्याकाळी 'हाबरकॉर्न वाहननिर्णय साहाय्य मंडळ, नोंदणीकृत' स्थापन झालं. घटना एकोणीस कलमांची झाली. कलम दोन असं: मंडळाचा उद्देश निर्णयास साहाय्य करणे हा असून निर्णय घेणे हा नाही. अध्यक्ष हाबरकॉर्न, उपाध्यक्ष कुग्लर. अक्षर बरं असल्यामुळे इतिवृत्त माझ्याकडे आलं.

संस्थेच्या सभासदांनी एकमेकांना 'अरे' म्हणायचं असतं, ही आमच्याकडची जुनी रीत. त्यामुळे बैठकीत हाबरकॉर्न माझे वेन्डेलिन झाले आणि मी त्यांचा एकेहार्ट. बैठक तहकूब झाली की फाटकापाशी आम्ही पुन्हा 'अहो'वर येत असू. सुरुवातीला दोघांचीही धांदल उडाली. एकदा अर्धवट फाटकात त्यांनी मला "अरे श्ट्रोमायर, तुमची छत्री राहिली" असं म्हटलं आणि नंतर दोन दिवस ते माझ्या नजरेला नजर देईनात.

बैठका हाबरकॉर्नांच्या बैठकीच्या खोलीत होऊ लागल्या, कारण तिथून गॅरेजचं दार दिसतं आणि विषय डोळ्यांसमोर असलेला बरा. प्रत्येक इतिवृत्ताची सुरुवात मी एकाच पद्धतीने केली आहे: उपस्थिती सात, अनुपस्थिती निरंक, कॉफी व केक हाबरकॉर्नबाई. त्या ट्रे ठेवत, रिकामे कप नेत आणि जाताना कधी खिडकी उघडून जात. पुरुषांच्या खोलीत हवा कोंडते असं त्यांचं म्हणणं होतं. ते विषयपत्रिकेवर नसल्यामुळे आम्ही त्याची दखल घेतली नाही.

निर्णय भावनेवर होऊ नये म्हणून आम्ही निकष ठरवले. बेचाळीस निघाले. प्रत्येकाला भार दिला आणि त्या भारांवर तीन बैठका झाल्या. निकष क्रमांक सतरा होता आसनातून उठण्याची सुलभता. तो नुसत्या चर्चेने सुटेना, म्हणून एका शनिवारी दुपारी मंडळ गॅरेजात गेलं आणि कुग्लरने घड्याळ लावलं. लाल गाडीतून बाहेर यायला वेन्डेलिनला अकरा सेकंद आणि एक उसासा लागला. मोतिया राखाडीत, विक्रेत्याच्या अंगणात, चार सेकंद, उसासा नाही.

"उसासा गेला म्हणजे आनंद आला असं कुठे आहे?" रोएर्ले म्हणाला.

"गुडघा तुझा आहे का, कोर्बिनियान?" कुग्लरने रोएर्लेला विचारलं.

"गुडघ्यावर मलम आहे माझ्याकडे. लाल रंगावर नाही."

हे संभाषण मी जसंच्या तसं नोंदवलं आणि उसाशाला स्वतंत्र निकष करून त्रेचाळिसावा क्रमांक दिला. बेरीज केली तेव्हा लाल गाडीला पन्नास टक्के पडले आणि राखाडीलाही पन्नास. फेरमोजणीतही तेच आलं. अशा वेळी अध्यक्षांचं निर्णायक मत असतं, पण अध्यक्षांचा गाडीत हितसंबंध होता, त्यामुळे वेन्डेलिन ताठ मानेने उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसला. उपाध्यक्षांचं मत घ्यावं तर विक्रेत्याच्या हाताखाली कुग्लरचा पुतण्या नोकरीला. तोही उठला. मग असं ठरलं की ज्या गल्लीत गाडी उभी राहणार त्या गल्लीचं म्हणणं मागवावं. चार आठवड्यांची मुदत देऊन मी नोटीस लावली, जिन्याच्या सफाईचा आठवडा कुणाचा आहे ती पाटी टांगतात त्याच खिळ्यावर.

अकरा हरकती आल्या. क्रमांक चारची हरकत अशी की लाल गाडीचा आवाज आला की आमची मांजर रस्त्यातून उठते, राखाडीला आवाज नसल्याने ती उठणार नाही आणि याला जबाबदार कोण. क्रमांक सात ही कविता होती. क्रमांक नऊ ज्याने पाठवली तो माणूस आमच्या गल्लीत राहतच नव्हता. त्याचा सर्वसाधारण विरोध होता. प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर देणं भाग होतं. पण तोवर ऑगस्ट लागला, निम्मे हरकतदार सुटीला समुद्रावर गेले आणि उत्तरं पोचल्याच्या सह्या मिळेनात. हाबरकॉर्न दिवसेंदिवस वाळत चालले होते. गाडीची नंबरपाटी एप्रिल ते ऑक्टोबर एवढ्याच महिन्यांची आहे. ऑक्टोबर संपल्यावर ती रस्त्यावर नुसती उभी केली तरी गुन्हा होतो, हे ते झोपेतही बोलतात असं ऐकिवात आलं.

ऑगस्टच्या शेवटी मी कुंपण छाटत होतो तेव्हा हाबरकॉर्नबाई पलीकडे येऊन उभ्या राहिल्या.

"श्ट्रोमायर, वीस तारखेचं काय ठरलंय तुमचं?"

"दुसरं वाचन झालंय," मी म्हणालो. "हरकतींचा टप्पा उरकला की तिसरं."

"खोलीला गॅलरी आहे," त्या म्हणाल्या. "तिथून डोंगर दिसतो. बसमधून गेलो तेव्हा खालच्या मजल्यावर राहिलो होतो. समोर भिंत होती."

मी कुंपण पुढे छाटू लागलो. त्या आमच्या घरात गेल्या, आमच्या हिच्याशी बोलायला. मी आत येऊन वहीत लिहिलं: तोंडी विचारणा एक, योग्य ते उत्तर देण्यात आले.

मंगळवार, सोळा सप्टेंबरला असाधारण सर्वसाधारण सभा झाली. टेबलावर आलुबुखाऱ्याचा केक होता. साडेतीन तासांनी मतदान झालं तेव्हा दुरुस्तीला दोन, अदलाबदलीला चार आणि अध्यक्ष तटस्थ. डब्याचा विचार बाजूला ठेवून मी चौघांत होतो. निर्णय जाहीर झाला तेव्हा वेन्डेलिनने डोळे पुसले, सगळ्यांशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाला की मित्रांनो, आज माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, हा निर्णय मला एकट्याने कधीच घेता आला नसता. रोएर्लेने पराभव दिलदारपणे स्वीकारला आणि त्याला गुडघ्याचं मलम भेट दिलं. सगळे भारावले होते. इतकं चोख काम मी भूमापन खात्यातही पाहिलेलं नाही.

गुरुवारी दुपारी मंडळ विक्रेत्याकडे गेलं. पुढे लाल गाडी, मे महिन्यानंतर पहिल्यांदाच रस्त्यावर आलेली, आणि तिच्यामागे आम्ही दोन मोटारींतून. माझ्या मांडीवर तीनशे बारा पानांची फाईल होती. तिच्यात तिन्ही अहवाल, निकषांचा तक्ता, अकरा हरकती आणि त्यांची उत्तरं, सगळं क्रमवार लावलेलं होतं. विक्रेत्याकडच्या त्सेलरबाई तिशीतल्या असतील. त्यांनी दारावरून एकदा हात फिरवला.

"एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "चालेल. पोच्यासकट घेते. बाकी गाडी छान ठेवलीये."

मी फाईल पुढे केली. त्यांनी ती बाजूच्या खुर्चीवर ठेवली आणि गाडीचे मालकीचे कागद मागितले. हाबरकॉर्नांनी ते पाकिटातून काढून दिले. त्सेलरबाईंनी वाचले, पान उलटलं, पुन्हा पहिल्या पानावर आल्या आणि तिथलं नाव मोठ्याने वाचलं.

"या कुठे आहेत?"

"कोण?" हाबरकॉर्नांनी विचारलं.

"गाडीच्या मालक. तुमचं नाव नाहीये यावर."

मग हाबरकॉर्नांना आठवलं. तीन वर्षांपूर्वी गाडी घेतली तेव्हा विम्याच्या माणसाने सांगितलं होतं की बाईंच्या नावावर इतक्या वर्षांत एकही अपघात नाही, गाडी त्यांच्या नावाने लावा, हप्ता कमी पडेल. तशी लावली. त्यात विशेष काही नव्हतं, आमच्याकडे अर्धं गाव असं करतं. हाबरकॉर्न हसले आणि म्हणाले, "ते फक्त कागदावर आहे हो."

त्या खोलीत आम्ही सात जण उभे होतो. सातही जणांनी जन्मभर कागदावर पोट भरलेलं. कागदावर नाही म्हणून मी स्वतः एका माणसाला त्याच्या परसदारातून विहिरीसकट बाहेर काढलेलं आहे. 'फक्त कागदावर' हे शब्द आमच्यापैकी कुणी यापूर्वी कुणाच्याही तोंडून ऐकले नव्हते. कुग्लर खुर्चीचा हात धरून खाली बसला.

"मग सही घेऊन या त्यांची," त्सेलरबाई म्हणाल्या. "पाच मिनिटांचं काम आहे."

तासाभराने आम्ही सगळे हाबरकॉर्नांच्या बैठकीच्या खोलीत होतो. हाबरकॉर्नबाईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि अदलाबदलीचा फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला, खालची बारीक अक्षरंसुद्धा.

"मंडळाचा निर्णय बंधनकारक असतो का?" त्यांनी विचारलं.

"कलम दोन," कुग्लर म्हणाला. "साहाय्यकारक."

"बरं. मग साहाय्य झालं. आभारी आहे," असं म्हणून त्यांनी फॉर्म सही न करता परत दिला.

हाबरकॉर्न गोंधळून गेले. "अगं, पण ठेवायची की बदलायची?"

"ते बघू नंतर. शनिवारी सकाळी साडेसातला निघायचंय. येणार ना तुम्ही?"

हा प्रश्न सरळ होता आणि उत्तर एका शब्दाचं होतं. पण हाबरकॉर्नांनी आमच्याकडे पाहिलं. नुकसान मूळ स्थितीत जतन करण्याविषयी कंपनीचं पत्र अजून लागू होतं. गुरुवारी गाडी बाहेर काढली ती मंडळाच्या ठरावाने. घाटाचा ठराव नव्हता. त्यात आता मालकीचा मुद्दा नव्याने निघालेला. ते म्हणाले की मंगळवारी बैठक आहे, तिथे हा विषय तातडीचा म्हणून घेता येईल, आणि सहल आठवडाभर पुढे ढकलता आली तर बघ. बाई रागावल्यासारख्या दिसल्या नाहीत. कप गोळा करून त्या आत गेल्या.

शनिवारी साडेसातला मी खिडकीत उभा होतो. ऊन छान पडलं होतं. हाबरकॉर्नबाईंनी गाडी गॅरेजबाहेर काढली आणि छप्पर उघडलं. त्याच वेळी आमची ही डोक्याला रुमाल बांधून, हातात छोटी बॅग घेऊन जिना उतरली. त्या आठवड्यात जिन्याच्या सफाईची पाळी आमची होती, म्हणून ती केर टाकायला चाललीय असं मला वाटलं. तिने रस्ता ओलांडला, ती गाडीत बसली आणि दोघी हसत सुटल्या. बसायला तिला किती सेकंद लागले, मी मोजलं नाही. हाबरकॉर्न पायजम्यावर दारात आले तोवर गाडी वळणाआड गेली होती. आम्ही दोघे समोरासमोर उभे होतो आणि 'अहो' म्हणावं की 'अरे', हे ठरेना, म्हणून कुणीच काही बोललं नाही.

संध्याकाळी आमच्या हिचा मेरानहून फोन आला. डोंगर अजून उन्हात आहे म्हणाली. परत कधी येणार विचारलं तर म्हणाली, अजून ठरवलं नाही, ठरवायची घाई नाही.

मंगळवारी मंडळाची बैठक झाली. उपस्थिती सात, कॉफी नाही, केक नाही. मालकाच्या बदललेल्या स्थितीची नोंद घेऊन सर्व संबंधितांना कळवायचं ठरलं, आणि मी नमुना भरायला घेतला. पहिल्याच रकान्यात मालकाचं पूर्ण नाव हवं होतं. त्सेलरबाईंनी ते वाचून दाखवलं होतं, पण तेव्हा आम्ही सगळे धक्क्यात होतो आणि मी लिहून घेतलं नाही. एकोणीस वर्षं त्या समोर राहतात. मी कुग्लरला विचारलं, त्याने रोएर्लेकडे पाहिलं, रोएर्लेने छताकडे. वेन्डेलिनला विचारता आलं असतं, पण तो बाहेर रिकाम्या गॅरेजात उभा होता आणि त्याला हाक मारायचं कुणाला धैर्य झालं नाही.

रकाना अजून कोरा आहे. वाचकहो, तुम्ही आम्हां सात जणांना हसला असाल, हसा. गाडीबद्दल आता तुम्हांलाही माझ्याइतकंच ठाऊक आहे, आणि ती ठेवावी की बदलावी याचं मतही तुम्ही मधेच कुठेतरी देऊन टाकलं असणार. हाबरकॉर्नबाईंचं नाव काय, हे मात्र इथपर्यंत येईतो तुम्हीही विचारलं नाहीत.